डिसेंबरात कच्छ-जैसलमेर, गाडीत दोन कुत्री: उन्हाआधी काट्यांचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक जोडपं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्वतःच्या गाडीने १२ दिवस कच्छ आणि तिथून पुढे जैसलमेर करणार आहे, सोबत ब्रूनो म्हणून ४ वर्षांचा लॅब (लॅब्राडोर), वजन ३० किलो, आणि चिकू म्हणून रस्त्यावरून उचलून आणलेली देशी, १६ किलो. तीन रात्री तंबूत काढायच्यात. विचारलंय की वाळवंटातल्या उन्हाचं काय करायचं, कूलिंग जॅकेट घ्यावं का, आणि ते कुत्र्यांचे बूट खरंच लागतात का नुसते फोटोपुरते असतात.

कूलिंग जॅकेट घेऊ नका, ते पैसे वाचवा आणि त्यात एक चांगला बारीक टोकाचा चिमटा, एक हेडटॉर्च आणि दोन १० मीटरचे लांब पट्टे घ्या. मी नाशिकला कुत्र्यांचं बोर्डिंग आणि ट्रेनिंग करते, गेली ११ वर्षं हिवाळ्यात एकदा तरी कच्छ नाहीतर थर होतंच, कधी आमची दोन, कधी क्लायंटची दोन-तीन मिळून. वाळवंट म्हटलं की सगळे उन्हाचाच विचार करतात, पण डिसेंबरात जैसलमेरला दिवसा २५ च्या आसपास असतं आणि रात्री ७-८, कधी त्याच्याही खाली, म्हणजे आपल्या पुण्याच्या एप्रिलपेक्षा कितीतरी बरं. या ११ वर्षांत मला डॉक्टरकडे पळावं लागलं ते काट्यांमुळे, गावातल्या कुत्र्यांमुळे, एकदा मिठामुळे आणि परत आल्यावर गोचिडांमुळे. ऊन लागलं ते एकदाच आणि तेही वाळूत नाही, गाडीत, आणि चूक पूर्णपणे माझी होती, त्याचं पुढे सांगते.

आधी काटे. तुम्ही सामखियाळी सोडून भुजकडे लागलात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकच झाड दिसायला लागेल, आपल्याकडे त्याला वेडी बाभूळ म्हणतात, कच्छी लोक गांडो बावळ म्हणतात, म्हणजे तेच, वेडं. कच्छचं खारं रण पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकात बन्नीत, म्हणजे भुजच्या उत्तरेच्या गवताळ माळावर, हे झाड लावलं आणि मग ते असं पसरलं की त्या माळाचा मोठा भाग त्यानेच खाल्ला. त्याचा वाळलेला काटा टायरमध्ये घुसतो (पंक्चर किट घ्याच, ट्यूबलेस आहे म्हणून निवांत राहू नका), तर कुत्र्याच्या पंजाची काय कथा. आणि गंमत अशी की कुत्रं लघवीला नेमकं झाडाखालीच जातं.

आमचा भैरू, तोही देशीच, चिकूसारखा, भुजच्या पुढे एका ठिकाणी झाडाखालून आला तेव्हा लंगडत नव्हता. थोडा वेळ पळाला सुद्धा. संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर एकटाच कोपऱ्यात बसून उजवा पुढचा पंजा चाटत होता, चाटत होता, थांबेचना. हेडटॉर्च लावून बघितलं तर काहीच दिसलं नाही, बोटांच्या मधली कातडी ताणली तेव्हा एक काळा ठिपका दिसला, तिळाएवढा. चिमट्याने धरला तर टोक तुटून हातात आलं, बाकीचा आत. मग कोमट पाण्यात मीठ टाकून १०-१५ मिनिटं पंजा त्यात धरून बसलो, नवरा डोकं कुरवाळतोय, मी पंजा धरून, आणि कातडी मऊ झाल्यावर दोन्ही अंगठ्यांनी खालून दाबलं तेव्हा जे बाहेर आलं ते मोजलं नाही पण माझ्या करंगळीच्या पहिल्या पेरापेक्षा लांब होतं. आणि हा प्राणी त्या काट्यावर दिवसभर चालला होता. देशी कुत्र्यांचं हेच आहे, सांगतच नाहीत. लॅब रडून गाव गोळा करेल, चिकूचं मात्र तुम्हालाच शोधावं लागेल. तर रोज रात्री जेवणाआधी, जेवणानंतर नाही कारण नंतर आळस येतो, चारही पंजे, प्रत्येक बोटाच्या मधे, टॉर्चने. दहा मिनिटांचं काम आहे. टोक आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सूज, पू दिसला तर पिळत बसू नका, भुजला किंवा जैसलमेरला प्राण्यांचा डॉक्टर गाठा, तो भूल देऊन काढेल.

दुसरं म्हणजे सराटे आणि कुसळं. सराटा तुम्हाला माहीतच असेल, आपल्या माळावर पण असतो, गोखरू म्हणतात तोच. जैसलमेरकडे त्याच्या जोडीला भुरट नावाचं गवत असतं, त्याच्या बोंडांना बारीक उलटे काटे, मोज्याला चिकटली की मोजा फेकून द्यावासा वाटतो. लॅबच्या पोटाखालच्या आणि शेपटीच्या केसात ती अशी बसतात की बोटाने काढायला गेलात तर तुमच्याच बोटात जातात, म्हणून लोखंडी दातांचा कंगवा. कुसळ मात्र कंगव्याने निघण्यातलं नाही, ते कानात किंवा नाकात शिरतं आणि आतच पुढे सरकत जातं, मागे येत नाही. कुत्रं अचानक सटासट शिंकायला लागलं, किंवा एकच कान खाली करून डोकं झटकायला लागलं, तर धूळ गेली असेल म्हणून सोडून देऊ नका. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ना, कुत्र्याच्या कानातलं कुणालाच दिसत नाही, त्याला डॉक्टरचा कान तपासायचा टॉर्चच लागतो.

आता बूट. हो, लागतात, पण तुम्हाला वाटतंय त्या कामासाठी नाही. वाळूत बूट निरुपयोगी आहेत, आत वाळू जाते, घासते आणि फोड येतात, आणि डिसेंबरात वाळू इतकी तापतही नाही की चटका बसेल. तरी दुपारी हाताचा मागचा भाग पाच-सात सेकंद वाळूवर ठेवून बघा, तुम्हाला सहन झालं तर त्याला होतं. बुटांचा खरा उपयोग दोनच ठिकाणी, एक बाभळीच्या झुडपातून चालताना आणि दुसरं पंजाला जखम झाली की पट्टीवरून घालायला. म्हणून जाड रबरी तळाचा एकेक सेट घ्या आणि आत्तापासून घरात रोज पाच मिनिटं घाला, तिथे जाऊन पहिल्यांदा घातलेत तर ब्रूनो बगळ्यासारखा पाय उचलत उभा राहील आणि तुम्ही व्हिडिओ काढत बसाल.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीये आणि ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते, गावकुत्री. पुण्याहून भुज हजार किलोमीटर, तिथून जैसलमेर अजून पाचशेच्या वर, आणि या सगळ्या रस्त्यावर प्रत्येक धाब्याला, पेट्रोल पंपाला, टपरीला त्यांची त्यांची कुत्री आहेत, पाच-सहाचा घोळका, आणि ती खरकट्यावर जगतात त्यामुळे जागेच्या बाबतीत अत्यंत कडक. तुम्ही डिकी उघडता, तुमचं कुत्रं चार तास बसून अवघडलेलं असतं, ते उडी मारतं आणि थेट त्यांच्या मधे. राधनपूरच्या अलीकडे एका धाब्यावर आमचं हेच झालं. ज्युली, आमची जुनी लॅब, पट्टा माझ्या हातात होता तरी मागच्या मांडीला दोन दात लागले, कारण मी पट्टा ओढून धरल्यामुळे तिला वळताच आलं नाही. तिथला पोऱ्या बिचारा दगड घेऊन धावला पण तोवर व्हायचं ते झालं. भीक नको पण कुत्रा आवर हे मी त्या दिवशी शब्दशः म्हटलं. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुतली, रेबीजचं लसीकरण झालेलं होतं तरी डॉक्टरला सांगून पुन्हा इंजेक्शन घेतलं, आणि पुढचे तीन दिवस ती गाडीतून उतरायलाच तयार नव्हती, ते जास्त वाईट.

तेव्हापासून आमची पद्धत ठरलेली आहे. कुत्र्यांना उतरवायला धाब्यावर थांबायचंच नाही. माणसांनी धाब्यावर जेवायचं, एकाने गाडीशी थांबायचं, आणि कुत्र्यांसाठी दोन-तीन किलोमीटर पुढे जाऊन, वस्ती नाही, कचरा नाही अशा मोकळ्या जागी थांबायचं. आधी एकाने उतरून गाडीभोवती पूर्ण चक्कर मारायची, मग दार उघडायचं, एका वेळी एकच कुत्रं. खिशात स्वस्तातली बिस्किटं ठेवा, घोळका आला तर मूठभर लांब फेकली की मिनिटभर मिळतं आणि मिनिटभर पुरतं. आणि छत्री ठेवा, बटणवाली, त्यांच्या दिशेने फटकन उघडली की बहुतेक कुत्री दचकून मागे सरतात, काठीपेक्षा हे बरं कारण काठी बघून काही कुत्री जास्त चवताळतात. अजून एक, चिकूवर जास्त लक्ष ठेवा. ब्रूनो त्यांना वेगळाच कोणतरी प्राणी वाटतो, पण चिकू त्यांच्यासारखीच दिसते, म्हणजे घुसखोर.

मालधारी आणि रबारी, म्हणजे तिथले गुरं-मेंढ्या राखणारे लोक, यांची कुत्री म्हणजे वेगळंच प्रकरण. ती भटकी नाहीत, ती ड्यूटीवर असतात. कळप दिसला की गाडी लांब उभी करा, कुत्री आत, काचा वर, आणि आधी माणसाशी बोला. राम-राम करा, कुठून आलात ते सांगा, तो हसला की अर्ध काम झालं, तो आपली कुत्री हाकेवर बाजूला घेतो. बन्नीत तंबू लावणार असाल तर हेही ऐकून ठेवा, तिथल्या म्हशी रात्री चरतात, संध्याकाळी बाहेर पडून सकाळी स्वतःच परत येतात, त्यामुळे रात्री दोन वाजता तंबूच्या दोन्ही बाजूंनी काळे डोंगर फुरफुरत जायला लागले तर घाबरू नका, पण ब्रूनो भुंकून तंबू अंगावर घेईल. शक्यतो कुणाच्या तरी भुंग्याच्या आवारात जागा मागा. भुंगा म्हणजे ती गोल मातीची घरं, २००१ च्या भूकंपात बरेच भुंगे टिकून राहिले होते. भिंतीवरचं लिपणकाम आणि त्यातले आरसे सुंदर असतात, आमच्या भैरूने एक आरसा चाटून चाटून सैल केला होता आणि त्या बाईंनी हसून सोडून दिलं, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कच्छचं पुढचं म्हणजे मीठ. पांढऱ्या रणात जायचं परमिट ऑनलाइन निघतं किंवा भिरंडियाऱ्याला मिळतं (तिथला मावा खा, कुत्र्यांना देऊ नका), पण धोरडोच्या रणोत्सवाच्या गर्दीत, उंटगाड्या, ढोल, हजारो माणसं, तिथे कुत्री नेण्यात मला काही राम दिसत नाही. तेच रण तुम्हाला खावड्याहून धोलावीराला जाणाऱ्या रस्त्यावर मिळतं, रोड टू हेवन म्हणतात तो, दोन्ही बाजूंना पांढरं आणि मधून सरळ डांबरी. फक्त तिथे लोक गाड्या सुसाट मारतात, त्यामुळे पट्टा हातातच. डिसेंबरात मिठाचा थर वरून कडक दिसतो आणि खाली चिखल असतो, ३० किलोचा लॅब पोटापर्यंत जातो, आणि तो चिखल सुकल्यावर सिमेंट. पण खरा धोका चाटण्याचा आहे. पंजाला लागलेलं मीठ कुत्रं चाटून साफ करतं, मग तहान लागते, मग साचलेलं खारं पाणी पितं, आणि पोटात इतकं मीठ गेलं की उलट्या, जुलाब, पुढे अंग थरथरणं, झटके इथपर्यंत जाऊ शकतं. ज्युलीच्या बाबतीत उलट्यांवर निभावलं. म्हणून रणात १५-२० मिनिटं, फोटो काढा, आणि गाडीत चढवायच्या आधी चारही पंजे आणि पोट गोड्या पाण्याने धुवा. भेगा असतील तर मीठ आत झोंबतं, आदल्या रात्री खोबरेल लावून ठेवलं तर कमी त्रास होतो.

त्यामुळे पाण्याचा हिशेब नीट करा. साधारण कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५०-६० मिली लागतं, म्हणजे ब्रूनोला घरी बसून पावणेदोन लिटर, चिकूला एक. वाळूत पळणं आणि कोरडी हवा धरून याच्या दुप्पट पकडा, म्हणजे दोघांचं साडेपाच-सहा लिटर, वर पंजे धुवायला तीन-चार. थोडक्यात रोजचे १० लिटर फक्त कुत्र्यांचे. २० लिटरचे दोन जार डिकीत पाहिजेत. कच्छ आणि बाडमेरकडे बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी खारट असतं, तुम्ही चूळ भरून थुंकलंत तर कुत्र्यालाही देऊ नका. आणि ते तहान लागल्यावर सांगतील याची वाट बघू नका, दर तासाला वाडगं समोर धरा. पीत नसेल तर दोन चमचे ताक घाला, ब्रूनो पिईल, लॅब काय, ताक म्हटलं तर वाडगंही पिईल.

धोलावीरा बघाच, हडप्पाकालीन शहर आहे, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, पाणी साठवायचे त्यांचे दगडी हौद बघून थक्क व्हायला होतं, चोहीकडे रण आणि मधे या लोकांनी पाच हजार वर्षांपूर्वी पाण्याचा बंदोबस्त केलेला. पण उत्खननाच्या जागेत कुत्री नेऊ नका, आळीपाळीने जा, एकाने सावलीत थांबायचं.

आणि काळा डुंगर. आपण मराठी माणसं तिथे जाणारच कारण वर दत्ताचं देऊळ आहे, ४६२ मीटर, कच्छमधली सगळ्यात उंच जागा, आणि समोर रण पसरलेलं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात म्हणून आमच्या एका क्लायंटने हौसेने आपला जर्मन शेफर्ड दर्शनाला नेला होता. आता तिथली प्रथा अशी की रोज कोल्ह्यांना प्रसाद देतात. दत्तात्रेयांनी भुकेल्या कोल्ह्यांना 'ले अंग' म्हणून स्वतःचं शरीर देऊ केलं अशी कथा आहे, त्यावरून 'लोंग, लोंग' अशी हाक मारतात आणि कोल्हे झाडीतून येतात. बघण्यासारखं आहे, पण कुत्रं सोबत घेऊन नाही. कोल्हा आणि कुत्रा एकाच घराण्यातले, रेबीज, डिस्टेंपर, खरूज सगळं एकमेकांना जातं, आणि तुमचं कुत्रं भुंकलं तर त्या दिवशी कोल्हे येणारच नाहीत आणि जमलेली माणसं तुमच्याकडे बघतील. कुत्री खाली गाडीत एका माणसाबरोबर. दत्त समजून घेईल.

गाडीचा विषय निघालाच आहे तर माझी ती चूक सांगते. बाहेर मस्त २५ डिग्री, वारा, जॅकेट घालून फिरतोय, आणि मी भैरूला गाडीत ठेवून काचा चार बोटं खाली करून एक दुकान बघायला गेले. दहा मिनिटं म्हणून गेले, अर्धा तास लागला. बाहेर २५ असताना उन्हातली बंद गाडी अर्ध्या तासात ४० च्या वर जाते, चार बोटं काच खाली असल्याने जवळजवळ काही फरक पडत नाही, हे मला माहीत होतं, मी लोकांना शिकवते, तरीही. परत आले तर जीभ बाहेर, टोकाला पसरट झालेली, खुरप्यासारखी, हिरड्या वीटकरी लाल आणि हात लावला तर चिकट, आणि नजर माझ्याकडे नव्हतीच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, त्याचं १०५ च्या वर होतं. सावलीत आडवा घेतला, जार उघडून मान, पोट, जांघा, सगळ्या अंगावर पाणी ओतत राहिलो आणि नवरा पुठ्ठ्याने वारा घालत होता. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवायचा नाही, तो गरम होऊन उष्णता आतच कोंडतो, पाणी ओता आणि वारा घाला. हाताशी आहे ते पाणी वापरा, गार पाणी शोधण्यात वेळ घालवू नका. १०३ च्या आसपास आलं की थांबा, आणि मग बरं वाटलं तरी डॉक्टरकडे जाच कारण आतले अवयव नंतर दगा देतात. म्हणून साधा डिजिटल थर्मामीटर सोबत घ्या, तो मागून, गुदद्वारात लावायचा. तुमच्याकडे पग किंवा बुलडॉग असता तर मी या ट्रिपला नाहीच म्हटलं असतं.

आता जैसलमेर. कच्छहून राधनपूर, सांचोर, बाडमेर करत जा, एका दिवसात रेटू नका, बाडमेरला मुक्काम टाका. कॅम्पसाठी सगळे सम नावाच्या गावाला जातात, शहरापासून ४० एक किलोमीटर, आणि तिथे संध्याकाळी डीजे, जीपची शर्यत, फटाके. कुत्र्यांसोबत असाल तर खुडी गावाकडे जा, अंतर जवळपास तेवढंच, पण बरंच शांत. तुमची ट्रिप डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपतेय ते उत्तम, कारण ३१ डिसेंबरला कुत्रं घेऊन वाळवंटात असू नये असं माझं ठाम मत आहे. मोकळ्या वाळूत फटाका वाजला आणि कुत्रं बिथरलं की ते सरळ पळत सुटतं, आणि टेकड्या सगळ्या सारख्याच, त्यालाही खूण सापडत नाही आणि तुम्हालाही. सुटं सोडायचं नाही, किती का हाकेवर येत असेना. लांब पट्टा हार्नेसला लावा, कॉलरला नाही, १० मीटर पळून झटका बसला तर मान जाते. कॉलरवर दोन्ही मोबाइल नंबर शिवून घ्या. ते ब्लूटूथवाले टॅग आजूबाजूला फोन असतील तरच जागा दाखवतात, खुडीच्या पुढे कुणाचे फोन असणार. तरीही हरवलंच तर त्या जागेवरून हलू नका, तुमचा घामट टी-शर्ट आणि पाण्याचं वाडगं तिथेच ठेवा, एकाने तिथे बसायचं, दुसऱ्याने गावात जाऊन उंटवाल्यांना सांगायचं, माग काढण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही.

उंटांपासून लांबच राहा, विशेषतः या दिवसांत. हिवाळा हा नर उंटाच्या माजाचा काळ, तोंडातून गुलाबी फुग्यासारखी पिशवी बाहेर काढतो, गुळण्या केल्यासारखा आवाज करतो, फेस गळतो. माणसालाच ते बघून कसंतरी होतं, ब्रूनोचं काय होईल विचार करा. आणि उंट चारही दिशांना लाथ मारू शकतो, चावतो ते वेगळंच.

थंडी विसरू नका. दिवसा टी-शर्टवर फिरलेली माणसं रात्री कुत्र्याला तंबूत नुसत्या वाळूवर झोपवतात, ती वाळू बर्फासारखी गार होते. खाली योगा मॅट, वर गोधडी. चिकूची कातडी पातळ, केस आखूड, तिला स्वेटर लागेल, ब्रूनोला नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगते. समच्या आजूबाजूचा बराच भाग डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये येतो, ३१६२ चौरस किलोमीटर, आणि तिथे माळढोक पक्षी आहे, तिकडे गोडावण म्हणतात. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला कधीकाळी कितीतरी होते, आता देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत. तो जमिनीवर अंडं घालतो, बहुतेक वेळा एकच. अंडं, पिल्लू यांना कुत्र्यांपासून मोठा धोका आहे, म्हणून पार्कच्या हद्दीत कुत्रं न्यायचंच नाही, पट्ट्यानेही नाही. छोट्या रणातल्या रानगाढवांच्या अभयारण्याचंही तेच, वाटेत लागतं म्हणून मोह होईल. आणि चिंकारा दिसला तर कुत्रं गाडीत. त्या भागात बिश्नोई वस्ती आहे, हरणासाठी जीव देणारी माणसं आहेत, तुमचं कुत्रं हरणामागे लागलेलं त्यांनी बघितलं तर पोलीस येण्याची वाट बघत बसणार नाहीत, आणि त्यांचं काही चूक नाही.

साप थंडीत कमी दिसतात पण दुपारी ऊन खायला येतात. फुरसं तिकडे भरपूर, अंगावरचे खवले घासून करवतीसारखा आवाज करतं, तो ऐकला की पट्टा आखडा आणि मागे या. दंश झालाच तर आवळून बांधणं, चिरा देणं यातलं काही करू नका, कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि डॉक्टरला फोन करत निघा. आपल्याकडे कुत्र्यांसाठी वेगळं अँटिव्हेनम नसतं, माणसाचंच वापरतात, त्यामुळे ते कुठे मिळेल हे मुक्कामाच्या प्रत्येक गावात पोचल्या पोचल्या विचारून ठेवा.

निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरकडे जाऊन रेबीज आणि बाकीच्या लसी चालू आहेत का बघा, मुदत संपत आली असेल तर आत्ताच घ्या, आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. गोचिडांची चावून खायची गोळी निघायच्या आठवडाभर आधी द्या, कारण शेळ्या-उंट बसतात तिथली वाळू गोचिडांनी भरलेली असते. लसीचं कार्ड मूळ प्रत जवळ ठेवा. दुखण्यावर माणसाच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, काहीही द्यायचं नाही, कितीही विव्हळला तरी. खाणं घरचंच न्या, १२ दिवसांचं मोजून, रस्त्यात ब्रँड बदललात की गाडीत काय होतं ते मी लिहीत नाही.

पुण्याहून पहाटे ४ ला निघा म्हणजे घोडबंदरची कटकट उजाडायच्या आत संपते, पहिला मुक्काम सुरत किंवा वडोदरा, दर दोन-अडीच तासांनी कुत्र्यांचा ब्रेक. हॉटेल बुक करताना 'पेट फ्रेंडली' एवढ्या शब्दावर जाऊ नका, फोन करून दोन कुत्री, त्यातला एक ३० किलोचा, असं स्पष्ट सांगा, बऱ्याच जणांच्या डोक्यात पेट म्हणजे पॉमेरेनियन असतो. आणि गुजरातेत दारूबंदी आहे, बॅगेत काही असेल तर घरीच ठेवा, कुत्र्यांमुळे तुमची गाडी चेकपोस्टला हमखास थांबवतात कारण पोलिसांना कुत्री बघायची असतात.

परत आल्यावर तीन आठवडे लक्ष ठेवा. जेवण सोडलं, सुस्त झाला, ताप आला, हिरड्या फिकट किंवा नाकातून रक्त असं काही दिसलं तर डॉक्टरला आपण होऊन सांगा की आम्ही कच्छ-जैसलमेर करून आलोय, आणि गोचीड तापासाठी रक्त तपासा, प्लेटलेट बघा. त्यांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही, ते पुण्यातलं कुत्रं समजूनच बघतात. आणि ब्रूनोच्या पंजात तेव्हाही एखादी गाठ फुगली तर तो जुना काटा असू शकतो, भैरूचा दुसरा काटा आम्हाला नाशिकला आल्यावर सोळाव्या दिवशी सापडला होता.